तत्त्वज्ञान आणि खगोल एकत्र घेताय? ओळखीच्या शब्दांपासून जपा

मी मराठी माध्यमातली, निफाडहून रोज एसटीने नाशिकला येणारी. बी.ए.ला तत्त्वज्ञान मुख्य विषय होता आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणून मी भौतिकशास्त्र व खगोलाची प्राथमिक ओळख घेतली. क्रेडिट, इंटर्नल, एटीकेटी हे सगळं तुम्हाला माहीत आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

पहिल्याच इंटर्नलला प्रश्न होता: 'वैशेषिक दर्शनातील कर्म हा पदार्थ स्पष्ट करा.' मी दोन पानं भरून पाप-पुण्य, कर्मफळ, पुनर्जन्म असं सगळं लिहिलं आणि दहापैकी एक गुण मिळाला. परतीच्या एसटीत मला रडू आवरलं नाही, कारण अभ्यास मी खरंच केला होता. चूक वेगळीच होती. वैशेषिक हे एक प्राचीन भारतीय दर्शन, म्हणजे तत्त्वज्ञानाची एक परंपरा; त्यांचं कर्म म्हणजे निव्वळ हालचाल. त्याचे पाच प्रकार: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. 'पदार्थ' म्हणजेही वस्तू नव्हे. शब्दाने ज्याचा बोध होतो, त्याचा तो एक वर्ग.

अनोळखी शब्द आला की आपण थांबतो, कोश उघडतो. ओळखीच्या शब्दाला कुणी थांबत नाही आणि तिथेच घात होतो. 'अनुमान' घ्या. घरात त्याचा अर्थ अंदाज. न्यायदर्शनात डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे व्याप्तीच्या (जिथे धूर तिथे अग्नी, अशा अटळ संबंधाच्या) आधारे मिळालेलं ज्ञान म्हणजे अनुमान; तिथे अंदाजाला जागा नाही. 'द्रव्य' भौतिकशास्त्रात जागा व्यापतं आणि त्याला वस्तुमान असतं. वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांत मात्र काल, दिक्, आत्मा आणि मनही आहेत. सकाळी एक तास, दुपारी दुसरा, आणि वहीत शब्द तोच.

भौतिकशास्त्रातही मी तशीच अडकले. 'शक्ती' आणि 'ऊर्जा' मला एकच वाटायचं. शेवटी घरचं वीजबिल समोर घेऊन बसले. 100 वॅटचा दिवा दहा तास जळला की एक युनिट. वॅट शक्तीचं एकक, युनिट ऊर्जेचं, आणि एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. 'प्रकाशवर्ष' हे अंतर आहे, काळ नाही. एवढं तरी परीक्षेआधी दहा वेळा घोकाच.

सगळ्यात जास्त गोंधळ 'राशी'चा. भौतिक राशी म्हणजे मोजता येणारी गोष्ट. सिंह राशी म्हणजे क्रांतिवृत्ताच्या (सूर्य वर्षभरात आकाशात ज्यावरून फिरताना दिसतो त्या मार्गाच्या) बारा समान भागांपैकी 30 अंशांचा एक भाग. आकाशातला सिंह तारकासमूह आणखी वेगळा, त्याच्या सीमा काही 30 अंशांत बसत नाहीत. आपण नाशिककर, गुरू सिंहेत आला की सिंहस्थ, हे लहानपणापासून ऐकतो. गुरूची सूर्याभोवतीची फेरी 11.86 वर्षांची आहे. सातने गुणून बघा: 83 वर्षं येतात, 84 नाही. म्हणजे डोळे मिटून बारा-बारा वर्षं मोजत गेलं, तर सात फेऱ्यांत एक वर्ष चुकतं. हे गणित वहीत स्वतः केलं त्या दिवशी या विषयाची भीती गेली.

झेरॉक्सच्या तयार नोट्स घेऊ नका. 'फिलॉसॉफी स्कोअरिंग आहे, शेवटच्या आठवड्यात होतं' असं सांगणाऱ्या सिनियरचं तर अजिबात ऐकू नका, मी ऐकलं होतं. माझ्या मते चांगला मार्गदर्शक ओळखायची खूण एकच: तुमचं उत्तर ऐकल्यावर तो 'हा शब्द तू कोणत्या अर्थाने वापरलास?' असं विचारतो. मला अशा एक बाई दुसऱ्या सेमिस्टरला भेटल्या. त्यांच्या सांगण्यावरून मी वहीचं पान तीन उभ्या भागांत आखलं: घरचा अर्थ, दर्शनातला अर्थ, विज्ञानातला अर्थ. 'गुण', 'प्रमाण', 'आकाश', 'सामान्य' या शब्दांपासून सुरुवात करा.

दहावीनंतर गणित सुटलंय म्हणून घाबरत असाल तर घाबरू नका. गुणोत्तर, दहाचे घात आणि कोन एवढ्यावर बराचसा अभ्यासक्रम निघतो. पण आकाश न बघता पास व्हायचा विचार असेल, तर हा विषय घेऊच नका. पुणे रस्त्याने नारायणगावपर्यंत गेलात की जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. एकदा तरी बघून या.

आणि तोपर्यंत गावाबाहेर, दिवे नसतील तिथे उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. हात लांब करून क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी मूठ ठेवा. एक मूठ साधारण दहा अंशांची. दुसऱ्या मुठीच्या वर ध्रुवतारा दिसेल, कारण नाशिकचा अक्षांश 20 आहे. हे आधी करा, अक्षांशाचा धडा त्यानंतर उघडा.