लोकर आधी मोजा, भेटी मग ठरवा

घरातली सगळी लोकर एकदा चादरीवर ओता. कपाटातली, पलंगाखालच्या पेटीतली, अर्धवट स्वेटरसोबत पिशवीत पडलेली, सगळी. सणासुदीला विणून द्यायच्या भेटी ठरवताना बहुतेक जण आधी नमुने शोधतात. मी आधी वजनकाटा काढते. हाताशी किती ग्रॅम आहे हे कळलं की निम्मी यादी तिथेच ठरते.

ढीग रंगाप्रमाणे लावू नका. रंगवार लावलेलं कपाट छान दिसतं, पण भेट ठरवताना पहिला प्रश्न जाडीचा असतो. मोज्यांची बारीक फिंगरिंग एकीकडे, मध्यम जाडीची डीके दुसरीकडे, तिच्याहून थोडी जाड वर्स्टेड तिसरीकडे, त्याहून जाड चौथीकडे. रंग त्या त्या ढिगात आपोआप दिसतात. लेबल हरवलेली लोकर पट्टीवर शेजारी शेजारी गुंडाळायची आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजायचं. प्रत्येकाचा हात कमीजास्त घट्ट असतो, म्हणून लेबल असलेली एक लोकर तिच्याशेजारीच गुंडाळा आणि दोन्हींची तुलना करा. वेढे सारखे आले तर जाडी सारखी.

धागा कशाचा आहे हेही कळायला हवं, कारण भेट घेणारा ती धुणारच आहे. बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली धातूची ताटली आणि शेजारी पाणी ठेवून पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत काढली की विझत जाते आणि राख बोटाने चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. सुती धागा कागदासारखा जळतो. मिश्र धाग्यात या खुणा एकमेकींत मिसळतात, तेव्हा सगळ्यात नाजूक धाग्याला जपायचं तसंच त्या लोकरीला जपायचं.

आता कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. गुंड्यातला धागा ओढताना जागोजागी तुटत असेल, किंवा लोकरीवर बारीक जाळी आणि वाळूसारखे कण दिसत असतील, तर तो गुंडा लगेच वेगळा करा. नुकसान उडणारा पतंग करत नाही, त्याची अळी करते, आणि तिला खऱ्या लोकरीतलं केराटिन हे प्रथिन लागतं. निव्वळ अ‍ॅक्रिलिकच्या वाट्याला ती सहसा जात नाही. संशय असलेली लोकर हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर लोकरीवर दव धरतं. डांबराच्या गोळ्या मी लोकरीजवळ येऊ देत नाही. तो वास विणलेल्या टोपीतून लवकर जात नाही, आणि भेट तर माणूस आधी नाकाजवळच नेतो.

प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी टाका: धागा, जाडी, डाय लॉट (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा लेबलवरचा क्रमांक), वजन आणि मीटर. मीटर मोजत बसायची गरज नाही. माझ्याकडे विटकरी डीकेचे उरलेले ८७ ग्रॅम आहेत. लेबलवर ५० ग्रॅमला ११० मीटर लिहिलंय, म्हणजे ग्रॅमला २.२ मीटर. ८७ गुणिले २.२, साधारण १९१ मीटर. डाय लॉट वेगळे असलेले दोन गुंडे एकाच वस्तूत वापरायचे असतील तर दोन-दोन ओळी आलटून पालटून विणा, म्हणजे रंगाची रेघ उठून दिसत नाही. आणि लडी असेल तर लडीच राहू द्या. घट्ट गुंडा करून वर्षभर ठेवला की धागा ताणलेलाच राहतो.

यानंतरचं काम या सगळ्याचा गाभा आहे: दहा सेंटिमीटरचा चौकोन. ज्या लोकरीने, ज्या सुयांनी, ज्या विणीत भेट करायची त्यातच तो विणा आणि घड्याळ लावा. धुऊन, वाळवून मोजा आणि तोला. काटा फक्त पूर्ण ग्रॅम दाखवत असेल तर चौकोन दुप्पट मोठा करा. एवढ्याशा तुकड्यातून माप, लोकर आणि वेळ तिन्ही हाती येतात.

समजा एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणून चौकोनात २२ टाके आणि ३० ओळी बसल्या. झाले ६६० टाके. मिनिटाला २० टाके पडत असतील तर ३३ मिनिटं. चौकोनाचं वजन ५ ग्रॅम भरलं असं धरू. २० सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब मफलर म्हणजे असे ३० चौकोन: १५० ग्रॅम लोकर आणि साडेसोळा तास. माझ्या ८७ ग्रॅमचा मफलर होणार नाही हे टाके घालण्याआधीच कळलं. मोठ्या माणसाची साधी टोपी मात्र साधारण १० चौकोनांची. ५० ग्रॅम, साडेपाच तास, आणि दहा टक्के लोकर जास्तीची धरूनही विटकरी रंग उरतो. तो दुसऱ्या टोपीच्या पट्ट्यांना.

आता नावं लिहा. प्रत्येक नावापुढे वस्तू, पिशवी आणि तास. रोज पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस विणलं तर आठवड्याला पावणेचार तास मिळतात, म्हणजे तो एक मफलर साडेचार आठवडे खातो. ही बेरीज दिवसांत बसत नसेल तर यादी आत्ताच कापा, शेवटच्या रात्री जागून नव्हे. मफलरची टोपी करा, टोपीची केसपट्टी करा. शेवटचा आठवडा विणकामाला धरूच नका. धुणं, माप धरून वाळवणं, सुटी टोकं आत ओवणं, बटणं लावणं यात तो जातो. टपालाने जाणारी भेट सर्वांत आधी सुयांवर.

कुणाला काय द्यायचं, यात माझं मत पक्कं आहे. माप घेतल्याशिवाय स्वेटर विणू नये. गुपित राखायचं असेल तर मफलर किंवा टोपी द्या. मोठ्यांची डोकी बहुधा ५४ ते ५८ सेंटिमीटरची असतात, आणि घेरापेक्षा टोपी पाचएक सेंटिमीटर कमी विणली की ती नीट धरून बसते. तान्ह्या बाळाला मशीनमध्ये धुता येईल अशीच लोकर, आणि मानेशी लांब दोऱ्या नकोत. ज्यांना लोकर टोचते त्यांना सुती धाग्याचं काहीतरी करा. तेही तितक्याच प्रेमाचं असतं.

भेट बांधताना धुण्याची सूचना हाताने लिहून जोडा: गार पाणी, पिळू नये, आडवं पसरून वाळवावं. सोबत त्याच लोकरीचे दोनेक मीटर पुठ्ठ्याला गुंडाळून द्या, पुढे रफू करायला लागतील.