.३७५ हॉलंड अँड हॉलंड : पट्टेवाल्या पुंगळीचं काडतूस भरताना

.३७५ हॉलंड या रायफलीच्या काडतुसाच्या उडवलेल्या पुंगळ्या परत भरून वापरल्या तर त्या मानेशी चिरण्याच्या कितीतरी आधी पट्ट्याच्या जरा वर तुटतात, तेही तीन-चार भरण्यांतच. पितळ हलकं असतं किंवा दारू जास्त पडलेली असते असं दर वेळी नसतं. बहुतेकदा डाय बसवतानाच चूक झालेली असते, आणि ती डायच्या डबीतल्या कागदावरच्या सूचना जशाच्या तशा पाळल्यामुळे झालेली असते. म्हणून इथे सर्वात जास्त जागा त्या एका पायरीला दिली आहे.

शब्द आधी ठरवून घेऊ. पुंगळी म्हणजे पितळी कवच, गोळी म्हणजे नळीतून पुढे जाणारा धातू, काडतूस म्हणजे सगळं जोडून तयार झालेलं. मान म्हणजे पुंगळीचं गोळी धरणारं अरुंद तोंड, खांदा म्हणजे मानेखालचा उतार, प्रायमर म्हणजे दारू पेटवणारी बुडातली टोपी. चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बोल्ट म्हणजे ती मागून बंद करणारा दांडा. डाय म्हणजे उडवलेली पुंगळी आवळून परत मापात आणणारं पोलादी नळकांडं; ते प्रेसमध्ये बसतं आणि प्रेसचा रॅम, म्हणजे दट्ट्या, पुंगळी त्यात ढकलतो. दारू म्हणजे अर्थातच बंदुकीची. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, लेथवर काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

भारतात हे घरी करता येत नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. आजोबांची रायफल वारशाने तुमच्या परवान्यावर चढली म्हणून काडतुसं भरायची मुभा मिळत नाही. पुढचं सगळं अमेरिका, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी तिथल्या परवान्यानिशी हे करणाऱ्यांसाठी आहे.

हे काडतूस लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये आणलं. त्या काळची दारू कॉर्डाइट, म्हणजे शेवयांसारख्या लांब काड्यांची जुडी. पुंगळी लांब आणि निमुळती, खांदा जेमतेम १५ अंशांचा. इतक्या उतरत्या खांद्यावर काडतूस चेंबरमध्ये भरवशाने अडत नाही, म्हणून बुडाशी जाड पट्टा ठेवला. काडतूस पुढे सरकतं ते या पट्ट्याच्या पुढच्या कडेवर थांबतं. बुडापासून त्या कडेपर्यंतचं माप ०.२२० इंच.

रायफल आधी

नळीवर नुसतं ‘.३७५’ दिसलं म्हणून पुढे जाऊ नका. याच नावाचं, पट्ट्याऐवजी बुडाला बाहेर आलेली कड असलेलं .३७५ फ्लँज्ड मॅग्नम दुनळी रायफलींसाठी निघालं होतं. ते कमी दाबाचं आहे, त्याचे आकडे वेगळे. चेंबरबद्दल किंचित शंका असली तरी बंदूकसाज करणाऱ्याकडून चेंबरचा साचा काढून घ्यावा.

जुन्या ब्रिटिश नळीवर चाचणीच्या शिक्क्यांशेजारी कॉर्डाइटचे ग्रेन (वजनाचं छोटं माप) आणि गोळीचं कमाल वजन कोरलेलं सापडतं. नवशिके तो आकडा भरण्याचं प्रमाण समजतात. तो कॉर्डाइटचा आहे. तुमच्या डब्यातल्या दारूशी त्याचा संबंध नाही.

नळीचं आतलं माप घ्यायला मऊ शिशाचा गोळा तेल लावून लाकडी दांड्याने चेंबरच्या बाजूने हळूहळू ठोकत तोंडातून बाहेर काढा. खोबणींच्या ठशांवर मायक्रोमीटर लावा. ०.३७५ इंच किंवा एखादा थाऊ जास्त आला तर ठीक. कमी आला तर बाजारातली ०.३७५ ची गोळी त्या नळीत घालण्याआधी जाणत्याला दाखवा.

पुंगळ्या

पुंगळ्या एकाच कंपनीच्या, शक्यतो एकाच लॉटच्या घ्या. .३७५ हॉलंडच्या पुंगळीत साधारण ९५ ग्रेन पाणी मावतं, पण जाड पितळाच्या पुंगळीत आत जागा कमी उरते आणि त्याच दारूचा दाब चढतो. कायनॉक या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या पुंगळ्या आठवण म्हणून कपाटात ठेवाव्यात. त्यात बर्डन प्रायमर असतो, मधोमध एक भोक नसून बाजूला दोन असतात, त्यामुळे नेहमीच्या डायची पिन वाकते. शिवाय पाऱ्याच्या जुन्या प्रायमरने पितळ आतून ठिसूळ झालेलं असतं, आणि ते वरून कळत नाही.

खांदा कुठे थांबवायचा

काडतूस पट्ट्यावर अडत असल्यामुळे बनवणाऱ्यांनी चेंबरचा खांदा सैल ठेवला. नव्या पुंगळीचा खांदा आणि चेंबरचा खांदा यांत दहा-पंधरा थाऊंची पोकळी सहज सापडते. बार उडाला की पुंगळीचा खांदा पुढे फुगून ती पोकळी भरतो. त्यासाठी लागणारं पितळ येतं कुठून? बुडाचं जाड पितळ संपून भिंत पातळ होते तिथून, म्हणजे पट्ट्याच्या जेमतेम वरून. मग कागदावरच्या सूचनेप्रमाणे डाय प्रेसच्या रॅमला टेकवून पुंगळी परत आवळली की खांदा मागे जातो, पुढच्या बाराला पुन्हा पुढे येतो. दर फेरीला तीच जागा ताणली जाते. तिसऱ्या-चौथ्या वेळी तिथे बाहेरून चकचकीत कडं दिसतं, आणि त्यानंतर पुंगळी दोन तुकडे होऊन पुढचा भाग चेंबरमध्येच अडकतो. समोर रेडा उभा असताना हे नको.

उपाय हा की एकदा त्याच रायफलीत उडवलेली पुंगळी पट्ट्यावर न अडवता खांद्यावर अडवायची.

पुंगळ्यांना अगदी पातळ वंगण लावा. बोटाला लागलेलं पुरतं. जास्त झालं तर खांद्यावर वाटीसारखा दबका खड्डा पडतो. कमी झालं तर पुंगळी डायमध्ये रुतते आणि ओढताना कड फाटते. मानेच्या आत ब्रशने थोडं लावा, नाहीतर मान मोठी करणारा डायमधला लाडू परत येताना मान खेचतो आणि खांदाही पुढे सरकवतो.

उडवलेल्या पुंगळीचा खांदा मेणबत्तीच्या काजळीने किंवा मार्करने काळा करा. प्रेसचा रॅम वर नेऊन डाय त्याला टेकवा, मग एक पूर्ण फेरा उलटा काढा. पुंगळी आवळा, बाहेर काढून खांद्यावरची काळी पट्टी कुठवर पुसली गेली ते बघा. डाय एक-अष्टमांश फेरा खाली, पुन्हा आवळा. नेहमीच्या डायचा धागा इंचाला १४ फेऱ्यांचा असतो, म्हणजे एक-अष्टमांश फेरा साधारण ९ थाऊ. शेवटी शेवटी हे फार मोठं पाऊल होतं, तेव्हा घड्याळाच्या काट्याच्या मिनिटाएवढं सरकवा; एक मिनिट म्हणजे सुमारे १.२ थाऊ.

दर आवळणीनंतर पुंगळी रायफलीत घालून बोल्ट बंद करा. आधी बोल्टला जोर लागतो, कारण मधल्या टप्प्यावर भिंती आवळल्या जाऊन खांदा उलट किंचित पुढे ढकलला जातो. इथे बरेच जण घाबरून डाय एकदम खाली आणतात. तसं करू नका, मिनिटामिनिटाने जा. बोल्टला जेमतेम जाणवेल असा स्पर्श उरला की डाय जागेवर धरणारी रिंग आवळा. निशाण्याच्या मैदानासाठी हे पुरे. रानात न्यायच्या काडतुसांना त्याहून २ थाऊ, म्हणजे ०.०५ मिमी, अजून मागे न्या. बोल्ट तिथे कुठेही अडखळता कामा नये.

राहिल्या कोऱ्या पुंगळ्या, पहिला ताण त्यांना बसतोच. तो वाचवायचा असेल तर मान ०.४१६ च्या लाडूने रुंद करा, मग .३७५ च्या डायने वरून थोडीथोडी परत आवळत या. मानेच्या बुडाशी बारीक पायरी राहते. तो खोटा खांदा. बोल्ट त्याच्यावर हलक्या जोराने बंद व्हायला हवा. पहिला बार मध्यम भरणीने उडवा. मेहनत आहे, पण महागड्या पितळाची हयात दुपटीच्या घरात जाते.

तपासणी मात्र कधी चुकवू नका. पेपरक्लिप सरळ करून टोकाला २ मिमीची आकडी वळवा, टोक घासून धारदार करा. पुंगळीत आतल्या भिंतीला ती लावून तळापासून हळूच वर ओढा. बुडाच्या जाडीवरून पातळ भिंतीकडे येताना उतार लागतो, तो गुळगुळीत हवा. नख अडकावं तशी खाच लागली तर पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे चुकून परत ट्रेमध्ये येणार नाही.

लांबी, मान, प्रायमर

कमाल लांबी २.८५० इंच (७२.३९ मिमी). २.८४० ला कापा, आतून-बाहेरून कड मोडा. सगळ्या एकाच लांबीच्या हव्यात, कारण पुढे मान गोळीवर दुमडायची आहे. लांब पुंगळीची मान जास्त दुमडते आणि आखूड पुंगळीची दुमडतच नाही. आवळलेल्या मानेचं आतलं माप गोळीपेक्षा २ ते ३ थाऊ कमी ठेवा.

प्रायमर मोठा रायफल मॅग्नम. खळगा खरवडून साफ करा, प्रायमर बुडाच्या पातळीखाली ३ ते ५ थाऊ बसवा. बोट फिरवून बघा. वर आलेला प्रायमर बोल्टच्या तोंडावर घासतो. अगदी सहज बसला, अंगठ्याने ढकलता आला तर खळगा सैल झालाय; ती पुंगळी संपली.

दारू

टेबलावर एकच डबा. भरणी झाली की उरलेली दारू त्याच डब्यात परत. डब्यावरचं नाव पूर्ण वाचा: आयएमआर ४३५० आणि हॉजडनची एच ४३५० यांचा आकडा एक असला तरी त्या दोन वेगळ्या दारू आहेत, एकीचे आकडे दुसरीला लावायचे नाहीत. मध्यम ते सावकाश जळणाऱ्या दारू इथे चालतात. रीलोडर १५, या दोन ४३५०, युरोपात विहतावुओरी एन १४०. प्रमाण इथे देत नाही, आणि कुठल्या मित्राने सांगितलेलंही घेऊ नका. दारू बनवणाऱ्या किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातलं, त्याच गोळीचं, सुरुवातीचं प्रमाण घ्या.

तराजू शून्यावर आणून तपासणीच्या वजनाने पडताळा. सुरुवातीपासून अर्ध्या ग्रेनच्या पायऱ्यांनी वर जा, प्रत्येक पायरीची तीन काडतुसं. तक्त्याच्या सुरुवातीच्या प्रमाणाखालीही उतरू नका. सावकाश दारू फार कमी घातली की पेट अनियमित होतो. पन्नास पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या असताना वरून टॉर्च मारा, सगळ्यांत पातळी सारखी दिसली पाहिजे. एखादी रिकामी राहिली किंवा दोनदा भरली गेली तर ती इथेच सापडेल.

आजच्या तक्त्यांची कमाल मर्यादा नव्या रायफली धरून असते. युरोपीय मानकात या काडतुसाचा कमाल दाब ४३०० बार (इथे बार हे दाबाचं एकक). १९२० च्या दशकातल्या रायफलीला तिथपर्यंत नेण्याचं कारण नाही. तिच्या घड्या घालायच्या साइट्स ३०० ग्रेनच्या (१९.४ ग्रॅम) गोळीला आणि सेकंदाला २५०० फुटांच्या आसपासच्या वेगाला जुळवलेल्या असतात. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, तो वेग आला आणि गोळ्या साइटवर पडल्या की थांबा. त्यापुढच्या ५० फुटांनी जनावराला फरक पडत नाही.

जुन्या माउझर पद्धतीच्या बोल्टला बुडावर ठसा उमटवणारी स्प्रिंगची इजेक्टर पिन, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणारी पिन, नसते. त्यामुळे ‘ठसा नाही म्हणजे दाब नाही’ हा हिशेब इथे फसतो. बोल्ट उचलायला जड जाणं, पट्ट्यालगत पुंगळीचा घेर मायक्रोमीटरवर आधीपेक्षा फुगणं, प्रायमरचा खळगा एका बारात सैल पडणं, यावर लक्ष ठेवा. एकही खूण दिसली की दोन पायऱ्या खाली. दुपारच्या उन्हात तापलेल्या काडतुसांवरही एकदा बघा. गारठ्यात निमूट वागलेली भरणी उन्हात बोल्ट अडकवू शकते. हिंदुस्तान-आफ्रिकेसाठी कॉर्डाइटची भरणी मुद्दाम कमी ठेवत, ती याचसाठी.

गोळी बसवणं

पूर्ण काडतुसाची कमाल लांबी ३.६०० इंच (९१.४४ मिमी). गोळीवरच्या खोबणीशी मान यावी, आणि दुमडण आधी नाही, बसवून झाल्यावर वेगळ्या फेरीत करावी. दोन्ही एकदम केलं तर मान पकडते तेव्हा गोळी अजून खाली जात असते आणि खांदा फुगतो. असं काडतूस चेंबरमध्ये जात नाही. दुमडण गरजेपुरतीच असावी. तपासायला मॅगझिनमध्ये तीन भरा, वरची दोन उडवा, तळाचं काढून मोजा. धक्क्याने गोळी आत सरकलेली असेल तर मान सैल आहे; नुसती दुमडण वाढवून ते सुधारत नाही, लाडू बारीक करावा लागतो.

डबीवर तारीख, पुंगळी किती वेळा भरली, दारूचं पूर्ण नाव आणि लॉट, प्रमाण, प्रायमर, गोळी, लांबी लिहा. आणि रानात न्यायचं प्रत्येक काडतूस आधी रायफलीतून फिरवून घ्या, बोल्टमधून स्ट्रायकर, म्हणजे प्रायमरवर आपटणारी पिन, काढून ठेवून. काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट लोटू नका. जुन्या माउझरचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारं नख, बुडाच्या कडेवरून उडी मारायला बनवलेला नाही, जबरदस्ती केली तर त्याचा ओठ तुटतो. मॅगझिनमध्ये घाला, बोल्ट मागून पुढे आणा, कड खालून त्याच्या नखात सरकू द्या.