जिनिंगच्या कामगाराची पेन्शन: हंगाम सुरू असतानाच काय तपासायचं

पगारातून पीएफ कापला जातो हे जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मिलमधल्या, बहुतेकांना ठाऊक असतं. त्या पीएफसोबत आपली पेन्शनही जमत असते, हे मात्र फार थोड्यांना कोणी नीट सांगितलेलं असतं. मग हिंगणघाट असो, वणी असो की अकोट, अठ्ठावन्न वर्षं झाल्यावर माणूस कागद शोधायला निघतो. तोवर जुनी मिल बंद पडलेली असते, मुनीम बदललेला असतो आणि आधारवरचं नाव हजेरीपटावरच्या नावाशी जुळत नाही. म्हणून काम हातात असताना, हंगामातच हे सगळं तपासा.

ही पेन्शन म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना १९९५, बोलीभाषेत ईपीएस-९५. ज्या आस्थापनेत २० किंवा जास्त माणसं आहेत तिथे पीएफ लागू होतो, आणि ठेकेदाराकडचे हमाल, रेजा (मजूर बाया), पहारेकरीही त्या मोजणीत येतात. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर जबाबदारी मिलमालकावर येते. ‘तू ठेकेदाराचा माणूस, आमचा नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

आता पासबुक उघडा. यूएएन हा १२ आकडी क्रमांक आणि आधारला जोडलेला मोबाइल असला की पीएफच्या सदस्य पोर्टलवर किंवा उमंग अॅपवर ते दिसतं. प्रत्येक महिन्यासमोर तीन रकमा असतात. समजा पीएफसाठी धरलेला पगार १०,००० आहे. तुमच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,२०० कापले जातात. मालकही तेवढेच भरतो, पण त्याचे दोन वाटे होतात: ८३३ रुपये पेन्शन खात्यात (८.३३ टक्के) आणि उरलेले ३६७ पीएफमध्ये. तुमचे १,२०० पूर्ण पीएफमध्येच जातात. पेन्शनसाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरला जातो, त्यामुळे पेन्शनचा रकाना महिन्याला १,२५० च्या वर जात नाही.

त्या रकान्यावर बोट ठेवून खाली उतरत जा. एखाद्या महिन्यात तिथे शून्य असेल, तर त्या महिन्याची पेन्शन-सेवा तुमच्या नावावर चढलेली नाही. ५८ वय उलटलेल्या माणसासमोर शून्य येणं बरोबर आहे, कारण त्या वयानंतर मालकाचा सगळा वाटा पीएफमध्ये जातो. पण पस्तिशीतल्या, १५,००० च्या आत पगार असलेल्या कामगारासमोर शून्य असेल, तर बहुधा मालकाच्या माणसाने फॉर्म भरताना ‘पेन्शन सदस्य नाही’ असं चढवलेलं असतं. ते लगेच दुरुस्त करून घ्या. दहा वर्षांनी करायला गेलात तर मागच्या सगळ्या महिन्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो आणि मालक त्याला तयार नसतो.

महिन्याची पेन्शन मिळायला १० वर्षांची सेवा लागते. सहा महिने किंवा जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून साडेनऊ वर्षांनाही १० समजलं जातं. जिनिंगवाल्यांसाठी यात मोलाची तरतूद आहे: हंगामी कामगाराने एका वर्षात काही महिनेच काम केलं असलं, तरी पात्रता मोजताना ते पूर्ण वर्ष धरायचं, असं योजनेतच लिहिलेलं आहे. दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यात संपणारा हंगाम म्हणजे अर्धं वर्ष, असं मानून कोणी तुमची सेवा कापू लागला तर ही तरतूद समोर ठेवा. रक्कम मात्र भरलेल्या वर्गणीवरून ठरते. म्हणजे हंगामी माणूस पात्र ठरतो, पण बारमाही माणसापेक्षा त्याची पेन्शन कमी बसते.

हिशेबाचं सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. सूतगिरणीत सप्टेंबर २०१४ नंतर लागलेला बारमाही कामगार, सरासरी पगार १२,०००, सेवा ११ वर्षं: १२,००० × ११ ÷ ७० = साधारण १,८८६ रुपये महिना. सेवा १ सप्टेंबर २०१४ च्या आधीपासूनची असेल तर त्या आधीच्या तुकड्याचा हिशेब जास्तीत जास्त ६,५०० पगार धरून वेगळा होतो. २० वर्षं पूर्ण झाली की सेवेत २ वर्षं जास्तीची मिळतात, त्यामुळे एकोणीस वर्षांवर काम सोडायचा विचार असेल तर थोडं थांबा. किमान पेन्शन १,००० रुपये आहे. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितक्या वेळा ४ टक्के कमी होतात, आणि ती घट कायमची राहते. नड नसेल तर घाई करू नका.

सगळ्यात जास्त नुकसान फॉर्म १०सी मुळे होतं. हंगाम संपला की कोणीतरी सांगतं, पीएफ काढून टाक, सोबत पेन्शनचेही पैसे निघतात. फॉर्म १९ ने पीएफ निघतो आणि १०सी ने पेन्शनचा वाटा. हाती येतात थोडे हजार, पण तेवढी सेवा पुसली जाते आणि पुढच्या दिवाळीला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. असे आठ हंगाम करून आठही वेळा १०सी भरलेल्या माणसाची सेवा शून्य राहते. पैशांची नड असेल तर पीएफमधून आगाऊ रक्कम घ्या, पेन्शनला हात लावू नका. मिल सुटलीच, तर त्याच १०सी मध्ये पैशांऐवजी ‘योजना प्रमाणपत्र’ मागा, त्याने सेवा जपली जाते. दुसरीकडे लागलात तर जुना यूएएन द्या आणि खातं वर्ग करून घ्या. दोन यूएएन निघाले असतील तर सेवा दोन तुकड्यांत पडते आणि दहा वर्षं कुठेच पूर्ण होत नाहीत. हंगाम संपला म्हणून लगेच ‘नोकरी सोडल्याची तारीख’ टाकण्याचीही घाई नको. त्याच जिनिंगला परत यायचं असेल तर हंगाम संपला म्हणजे नोकरी संपली असं होत नाही. कायमचं सोडलं असेल आणि मालकाने तारीख टाकली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतःला टाकता येते.

नावाचं म्हणाल तर आपल्याकडे आडनाव कधी आधी कधी शेवटी, वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही, आणि इंग्रजी स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. आधार, पीएफ आणि बँक पासबुक या तिन्हींत नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव अक्षरशः सारखं हवं. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारवरून निघालेला असेल तर बऱ्याच दुरुस्त्या पोर्टलवर स्वतः करता येतात. त्याआधीचा असेल तर ‘जॉइंट डिक्लरेशन’ (कामगार आणि मालक या दोघांचा दुरुस्तीचा अर्ज) मालकामार्फत जातं. जन्मतारीख चुकलेली असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आजच काढून ठेवा.

माणूस गेला किंवा अपंग झाला तर

कामावर असताना कामगाराचा मृत्यू झाला तर विधवा पेन्शनसाठी दहा वर्षांची अट नाही. एक महिन्याची वर्गणी जमा असली तरी पत्नीला किमान १,००० रुपये महिना मिळतात, ती हयात असेपर्यंत किंवा पुन्हा लग्न करेपर्यंत. २५ वर्षांखालच्या दोन मुलांना एका वेळी प्रत्येकी विधवा पेन्शनच्या २५ टक्के वेगळे मिळतात. आई-वडील दोघेही नसलेल्या मुलांना हा वाटा ७५ टक्के आहे. ‘त्याला लागून तीन महिनेच झाले होते, काय मिळणार’ असं म्हणून जी बाई घरी बसते, तिचा हक्क तसाच पडून राहतो. हे तिला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कोणीतरी सांगायला हवं.

पेन्शनसोबत विम्याचीही रक्कम असते. मृत्यूआधी सलग १२ महिने नोकरी असेल तर किमान अडीच लाख, जास्तीत जास्त ७ लाख. पेन्शनसाठी फॉर्म १०डी, पीएफसाठी २०, विम्यासाठी ५आयएफ. तिन्ही एकत्रच द्या. सोबत ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला, बायको-मुलांची आधारकार्डं, मुलांच्या जन्मतारखेचा पुरावा आणि विधवेच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं. दीर किंवा सासऱ्याच्या खात्याने अर्ज अडतो.

हे सगळं सोपं करणारी गोष्ट म्हणजे ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाचं नाव ऑनलाइन नोंदवणं. पोर्टलवर बायको-मुलांचे फोटो आणि आधार टाकून आधार ओटीपीने सही होते. लग्नाआधी आईचं किंवा भावाचं नाव टाकलेलं असेल तर लग्न झालं की ते रद्द ठरतं. नवं भरा.

कामावर असताना कामगार कायमचा पूर्ण अपंग झाला, म्हणजे तेव्हा जे काम करू शकत होता ते सगळंच त्याला अशक्य झालं, तर अपंगत्वाच्या पेन्शनलाही एक महिन्याची वर्गणी पुरते. वैद्यकीय मंडळाची तपासणी होते. तिच्यासाठी पहिल्या दिवसाची दवाखान्याची नोंद, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.

इथे एक पक्की समजूत दूर करायला हवी. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) मिळतं, पण फक्त कापूस जिनिंग-प्रेसिंग करणारे कारखाने कायद्याने ‘हंगामी कारखाने’ आहेत आणि हंगामी कारखान्यांना ते लागूच होत नाही. म्हणून जिनिंगच्या पट्ट्यात हात सापडला तर ईएसआयसीच्या कचेरीत चकरा मारू नका. नुकसानभरपाई मालकानेच द्यायची असते आणि ती कामगार नुकसानभरपाईचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे मागायची असते. त्याच दिवशी अपघाताची लेखी नोंद आणि पोलिसांत खबर, या दोन गोष्टी चुकवू नका. ‘घरी पडला’ असं दवाखान्यात लिहून घेतलं की पुढचं सगळं अडतं. तेलगिरणी, सूतगिरणी, एमआयडीसीतले कारखाने बारमाही असतात, तिथे ईएसआयसी असतं. कामावरच्या इजेला तिथे पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे.

दवाखान्याच्या खर्चाला महात्मा फुले जनआरोग्य आणि आयुष्मान भारत या जोडयोजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन, भरती व्हायच्या आधीच, यादीतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. पैसे भरून नंतर परत मागण्याचा रस्ता इथे नाही.

पीएफ नसलेल्या, फक्त शेतमजुरी करणाऱ्या घरांनी बँकेतला वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा (प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना) चालू ठेवावा. अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात आणि दवाखान्याची नोंद असेल तर सर्पदंशालाही. हप्ता मे अखेर आपोआप कापला जातो, आणि नेमकं तेव्हाच बियाण्या-खतापायी खातं रिकामं असतं. हप्ता गेला नाही की विमा बंद पडतो, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात शंभर रुपये राहू द्या. पासष्टीनंतर श्रावणबाळ आणि त्याआधी निराधार, विधवा, अपंगांसाठी संजय गांधी योजना तहसीलमध्ये आहेच. तिथे अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा उत्पन्न मर्यादेवरून, म्हणून पटवाऱ्याचा अहवाल आणि उत्पन्नाचा दाखला यांतले आकडे जुळवून घ्या.

पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ईपीएसवाल्यांना तो वर्षात कधीही देता येतो आणि दिलेल्या तारखेपासून एक वर्ष चालतो. सरकी-रुईत आयुष्य गेलेल्या हातांचे ठसे यंत्र घेत नाही. अशा वेळी परत फिरू नका, चेहऱ्यावरून ओळख पटवून दाखला निघतो. सेतूवाल्याला तसं सांगा, किंवा पोस्टमनला घरी बोलवा. सोबत पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, आधार आणि बँक पासबुक ठेवा.