जंतूंचा खेळ कसा बनवायचा? शेती आणि जनावरांचं आरोग्य शिकवणाऱ्यांसाठी

जंतूंचा खेळ म्हटलं की बरेच जण सापशिडी काढतात, रोग आला की साप अन् लस घेतली की शिडी. पोरं मजेत खेळतात पण डोक्यात काही राहत नाही, कारण सगळं फाशावर चाललेलं असतं. त्यापेक्षा जंतू जसा वागतो तोच खेळाचा नियम ठेवा.

सुरुवात लाळ्या खुरकूतपासून करा. साधारण २० जण, प्रत्येकाकडे अर्धा कप पाणी, एक कप म्हणजे एक गाय. एकाच कपात गुपचूप अर्धा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून ठेवा (हे पाणी प्यायचं नाही, डोळ्यांना हात नाही, नंतर साबणाने हात धुवायचे, हे आधीच ठणकावून सांगा). मग ३ फेऱ्या, दर फेरीत नवा जोडीदार, दोघांचं पाणी एकत्र करून परत निम्मं निम्मं वाटून घ्यायचं आणि कोणाशी अदलाबदल झाली ते लिहून ठेवायचं. शेवटी प्रत्येक कपात चिमूटभर हळद टाका, सोडा पोचलेले कप लालसर होतात. एका कपाचे जास्तीत जास्त ८ होतात, आणि तोवर सगळं पाणी सारखंच दिसत असतं, खऱ्या रोगातही लक्षणं दिसायच्या आधीच जनावर विषाणू बाहेर टाकायला लागतं.

आता खरी मजा, नोंदींवरून मूळ गाय शोधा. माग काढत गेलं की बहुतेक वेळा पहिल्या फेरीतली एक जोडी हाती लागते, पण त्या दोघांतली नेमकी कोण हे काही केल्या कळत नाही! यावर वाद होऊ द्या, मध्ये पडू नका.

मग लसीची फेरी. लसवाल्या कपांवर झाकण, ते नुसते टेकवायचे, पाणी मिसळायचं नाही. लस म्हणून कपात लिंबू पिळायचा मोह होईल, पण मग जोडीदाराचा आजारी कपही बरा होतो आणि पोरं नेमकं चुकीचं शिकतात.

दुसरा खेळ कासदाहाचा, म्हणजे जिवाणूंमुळे गाईची कास सुजते त्या रोगाचा. वाटीत १६ पांढरे मणी आणि १ लाल, लाल म्हणजे अँटिबायोटिकला न जुमानणारा जिवाणू. प्रत्येक डोसला पांढऱ्यातले तीन चतुर्थांश काढा, उरलेले सगळे मणी दुप्पट करा. एकूण आकडा १७ वरून १०, मग ८ आणि तिसऱ्या डोसनंतर परत १०, त्यातले ८ लाल. दुसऱ्या डोसला सगळे खूश असतात, तिथेच थांबवून विचारा की औषध बदलायचं का, का, आणि कोणाला विचारून. हाच डोस लाळ्या खुरकूतला दिला तर? तो विषाणू, अँटिबायोटिक त्याला काहीच करत नाही.

सगळे जंतू वाईट असं वाटायला नको म्हणून शेवटी पत्त्यांच्या जोड्या लावा, एका पत्त्यावर पीक अन् दुसऱ्यावर त्याचा जंतू. सोयाबीनचा रायझोबियम (मुळांवर गाठी करून पिकाला नत्र देणारा जिवाणू) हरभऱ्याला चालत नाही, चुकीची जोडी लावली की मुळांवर गाठी नाहीत अन् नत्राचे गुणही नाहीत. हा १० मिनिटांत उरकतो.