स्टार्टर उतरवण्यापूर्वी आणि उतरवल्यावर

चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन इंजिन फिरत नसेल, तर स्टार्टर (इंजिन सुरू करण्यासाठी ते फिरवणारी मोटर) उतरवण्याची घाई करू नये. पुष्कळदा दोष बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढरट-हिरवट थरात असतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून व हँडब्रेक ओढून मल्टिमीटर लावावा. पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताना साधारण ९.६ व्होल्टच्या खाली उतरू नये. मग सोबत्याला सेल्फ मारायला सांगून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि स्टार्टरची बॉडी यांमधील व्होल्टेज मोजावे. ते अर्ध्या व्होल्टहून अधिक भरले, तर अर्थची (बॅटरीच्या निगेटिव्हकडून गाडीच्या बॉडीकडे जाणारी) केबल सैल किंवा गंजलेली समजावी. ही तपासणी अनेक जण टाळतात आणि नवा स्टार्टर विकत घेऊन बसतात.

सोलेनॉइडच्या (स्टार्टरवरील विद्युतचुंबकी स्विचच्या) बारीक वायरला पुरेसे व्होल्टेज मिळूनही मोटर गप्प राहिली, तरच निगेटिव्ह केबल काढून स्टार्टर उतरवावा. पिनियन, म्हणजे स्टार्टरच्या टोकाचा छोटा दातेरी गिअर, हाताने फिरवल्यास एका दिशेने मोकळा फिरतो, उलट दिशेने शाफ्टला धरतो; दोन्हीकडे मोकळा फिरला, तर स्टार्टरमधला एकाच दिशेने पकडणारा क्लच गेला. शाफ्ट आडवा डुगडुगत असेल, तर त्याला आधार देणारे बुश झिजले आहेत.