फिश टँकचं पाणी झाडांना घालताय? या चुका टाळा

दोन फुटी टाकीत खडे आणि वरची रिकामी जागा सोडून साधारण 60 लिटर पाणी मावतं. आठवड्याला पाव भाग बदललं की 15 लिटर बादलीत येतं. आठ इंची कुंडीला लिटरभर धरलं तर पंधरा कुंड्यांची सोय झाली. पाणी वाया घालवण्यासारखं नसतंच. घोळ होतो तो टाकीत आधी काय काय पडलंय हे विसरून ओतल्यामुळे.

मिठाचा हिशेब न ठेवणं

सगळ्यात जास्त कुंड्या मिठाने जातात. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले की टाकीत लिटरला 1 ते 3 ग्रॅम मीठ टाकलं जातं. 3 ग्रॅमच्या मात्रेने 60 लिटरमध्ये 180 ग्रॅम गेलं, की पहिल्याच 15 लिटरबरोबर 45 ग्रॅम बाहेर येतं. कुंडीतलं पाणी उडून जातं, मीठ मातीतच साठतं. मग पानांच्या कडा करपतात, माती ओली असूनही झाड मान टाकतं, आणि पाणी कमी पडलं असं समजून आपण पुन्हा तेच पाणी घालतो. घेवडा अशा पाण्याला फार लवकर कंटाळतो.

मासे बरे झाले म्हणजे मीठ गेलं असंही नाही. पाव-पाव पाणी चार वेळा बदलल्यावरही लिटरला जवळपास 1 ग्रॅम उरतं, आठ वेळांनंतर 0.3 ग्रॅम. उडालेल्या पाण्याच्या जागी नुसती भर घातली असेल तर ती यात धरायची नाही, तिने मीठ तसूभरही कमी होत नाही. अंदाज करत बसण्यापेक्षा साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) बुडवून पाहा. आकडा 500 पीपीएमच्या, म्हणजे लिटरला 500 मिलिग्रॅमच्या, खाली असेल तर निर्धास्त घाला. 500 ते 1000 असेल तर निम्मं साधं पाणी मिसळा. त्याच्या वर कुंड्यांना नकोच. समुद्री माशांच्या टाकीत लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, ते पाणी सरळ मोरीत.

चुकून गेलंच, तर कुंडी धुऊन काढा. आठ इंची कुंडीत साधारण 5 लिटर माती असते. तिला 10 लिटर साधं पाणी तीन-चार हप्त्यांत, मध्ये अर्धा-अर्धा तास थांबून, खालून वाहून जाईल असं घाला. खालची ताटली काढून ठेवा, नाहीतर निथळलेलं खारं पाणी माती पुन्हा वर ओढून घेते. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला असेल तेव्हाही हाच उपाय; बोअरच्या जड पाण्यावरच्या टाक्यांमध्ये हा थर हमखास दिसतो.

औषध चालू असताना पाणी घालणं

मिथिलीन ब्लू, मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मॅलिन, तांबं असलेली औषधं, अँटिबायोटिक: यांतलं काहीही टाकीत असेल तर पाणी बागेत नको, भाजीच्या वाफ्यात तर नकोच नको. मॅलाकाइट ग्रीन खाण्याच्या माशांसाठी वापरायला बंदी आहे, मग ते मेथीत का जावं? तांबं मातीत साचत जातं. टीडीएस मीटर औषध ओळखत नाही, त्यामुळे डोस कधी दिला ते टाकीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवणंच बरं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला वापरतात त्या अँटीक्लोरची मात्र नेमून दिलेल्या मात्रेत झाडांना काही बाधा नाही.

पाण्यालाच खत समजणं

नायट्रेट 40 पीपीएम असलेल्या 15 लिटर पाण्यात नत्र भरतं 135 मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम 0.3 ग्रॅम युरियाइतकं. तेही पंधरा कुंड्यांत वाटलेलं. एवढ्यावर टोमॅटो लगडणार नाही. शेणखत, गांडूळखत नेहमीसारखं चालू ठेवा. खरा कस असतो तळाच्या गाळात आणि फिल्टरचा स्पंज पिळलेल्या काळ्या पाण्यात. पण तो गाळ वरच्यावर ओतला की मातीवर साय धरते, पाणी खाली उतरत नाही आणि चिलटं होतात. खुरप्याने वरच्या इंचभर मातीत कालवून टाका. ठिबक असेल तर पाणी जुन्या सुती कापडातून गाळून घ्या. स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. नळाखाली धरला तर क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

नव्या पानांच्या शिरा हिरव्या, बाकी पान पिवळं

टाकीत शंख-शिंपले किंवा संगमरवरी खडे आहेत का बघा. त्यांतला चुना विरघळून पाण्याचा सामू वाढतो आणि मातीतलं लोह मुळांना मिळेनासं होतं. गुलाब, जास्वंद यांना हे पाणी एक आड एक द्या आणि चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) घाला.

बादली भरून ठेवणं

त्याच दिवशी संपवा. साठवलं की वास मारतं, आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडू लागतात. पावसाळ्यात कुंड्या आधीच भिजलेल्या असतात, तेव्हा छताखालच्या झाडांनाच द्या. अडेनियम आणि निवडुंग वगळा. कोथिंबीर, पुदिना यांच्या पानांवर झारीने शिंपडू नका, बुंध्याशी घाला. पाइप तोंडाने ओढून सुरू करू नका; पाइप आधी पाण्याने भरून घेतला की काम होतं.

कमळाच्या टबात किंवा जवळच्या ओढ्यात हे पाणी ओतू नका. त्यातून गोगलगायींची अंडी, टिकलीएवढं पाणशेवाळ, कधी गप्पीची पिल्लंही जातात, आणि टबात एकदा शिरलेली गोगलगाय टब पूर्ण रिकामा करून धुतल्याशिवाय सहसा हलत नाही.