टूल सरफेसवर उतरतं कुठे आणि उठतं कुठे: सीएनसी मिलिंगमध्ये फिनिशिंग (शेवटचा बारीक कट) शिकणाऱ्यांसाठी

१० मिमी बॉल नोज (गोल टोकाचं टूल) आणि ०.२ मिमी स्टेपओव्हर (शेजारच्या दोन पासांमधलं अंतर) घ्या. दोन पासांच्या मध्ये उरणाऱ्या स्कॅलॉपची, म्हणजे बारीक उंचवट्याची, उंची साधारण किती? स्टेपओव्हरचा वर्ग भागिले टूलच्या त्रिज्येची आठपट. ०.०४ भागिले ४०, म्हणजे ०.००१ मिमी, एक मायक्रॉन. आता याच सरफेसवर टूल सरळ वरून उतरलं आणि तिथे १० मायक्रॉनचा खळगा पडला, तर तो स्कॅलॉपच्या दहापट खोल झाला. पॉलिश करणाऱ्याला तो एकटा खळगा घासून जात नाही, आजूबाजूचा सगळा भाग त्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. म्हणून नवीन माणसाने स्टेपओव्हर कमी करत बसण्याआधी लीड-इन आणि लीड-आउटची (टूल कटमध्ये येण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या वाटेची) सेटिंग उघडून बघावी. मशीनचे तासही वाचतात.

डाग का पडतो ते आधी समजून घ्या. कापताना टूल दाबाने थोडं वाकलेलं असतं, हवेत असताना सरळ असतं. सरळ खाली उतरून आडव्या दिशेला वळताना मशीनला वेग कमी करावा लागतो. त्या क्षणी चिप (कापून निघणारा कीस) पातळ होते, दाब उतरतो, वाकलेलं टूल सरळ होऊ बघतं आणि तेवढ्या जागी जास्त मटेरियल खातं. शिवाय बॉलच्या टोकाशी कटिंग स्पीड शून्य असतो. तिथे टूल कापत नाही, नुसतं घासतं.

यावर फिनिशिंगमध्ये सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे सरफेसला काटकोनात असलेल्या प्लेनमधला (प्रतलातला) आर्क, म्हणजे वर्तुळाच्या तुकड्यासारखी वाट. टूल हवेतून वळत येतं आणि सरफेसला स्पर्शरेषेत भेटतं, चिप शून्यापासून हळूहळू वाढते. १० मिमी बॉलसाठी २ ते ३ मिमी त्रिज्या आणि ४५ ते ९० अंश एवढ्यावर सुरुवात करा. बाहेर पडतानाही तसाच आर्क द्या.

इथे एक बारीक गोष्ट बरेच जण सोडून देतात. जी०२ आणि जी०३ (टूलला आर्कमध्ये चालवणारे कोड) साधारणपणे तीन मुख्य प्लेनमध्येच चालतात. तिरक्या प्लेनमधला आर्क पोस्ट प्रोसेसर (मशीनचा एनसी प्रोग्राम लिहून देणारं सॉफ्टवेअर) छोट्या सरळ रेषांत तोडून देतो. २ मिमी त्रिज्येचा ९० अंशांचा आर्क ०.१ मिमी टॉलरन्सने (मूळ वाटेपासून चालणाऱ्या फरकाने) तोडला तर जेमतेम तीन तुकडे होतात आणि शेवटचा तुकडा सरफेसला सुमारे १५ अंशांच्या कोनात येऊन धडकतो. स्पर्शरेषा गेली, कोपरा आला, मशीन पुन्हा थबकलं. तोच आर्क ०.०१ ला तोडला की आठ तुकडे होतात आणि कोन साडेपाच अंशांच्या आसपास राहतो. स्क्रीनवर दोन्ही आर्क गोलच दिसतात. म्हणून फिनिशिंगचा टॉलरन्स लीडलाही लागतोय ना, हे एनसी प्रोग्राममध्ये जाऊन पाहा.

फीडचंही (टूल पुढे सरकण्याच्या वेगाचंही) तसंच. रफिंगमध्ये (आधीच्या जाड कटात) रॅम्पचा (तिरकं उतरण्याचा) फीड कटिंगच्या निम्मा ठेवणं योग्यच, पण तीच सवय फिनिशिंगच्या आर्कला लावू नका. लीड मिनिटाला ६०० मिमीने आणि कट १२०० ने दिला तर वेग बदलतो नेमका टूल सरफेसला लागतं तिथे, आणि तिथेच रेघ उमटते. आर्कला कटिंगचाच फीड द्या. वेग कमी करायचाच असेल तर आर्क सुरू होण्याआधी, हवेत करा.

अरुंद जागेत आर्क मावत नाही. १२ मिमी स्लॉटमध्ये १० मिमी टूलला भिंतीपासून हलायला २ मिमीच जागा असते. तिथे ३ मिमी त्रिज्येचा ९० अंशांचा आडवा आर्क दिला तर टूल समोरच्या भिंतीत घुसतं. गॉउज चेक (टूल नको तिथे घुसतंय का याची तपासणी) चालू असेल तर सॉफ्टवेअर तो आर्क टाकून देतं आणि दुसरा पर्याय वापरतं. तो दुसरा पर्याय तुम्ही निवडलेला नसेल, तर बहुतेक वेळा सरळ प्लंज (उभं खाली उतरणं) मिळतो. पहिली निवड आर्क ठेवा, दुसरी छोटा आर्क किंवा रॅम्प.

रफिंगमध्ये डागापेक्षा टूल वाचवणं महत्त्वाचं. स्टीलमध्ये रॅम्पचा कोन २ ते ३ अंश धरा. १० मिमी कटरला ९ मिमी व्यासाचा हेलिक्स (टूलच्या केंद्राची गोल फिरत उतरणारी वाट), कोन २ अंश, म्हणजे एका फेऱ्यात टूल साधारण १ मिमी खाली जातं. हेलिक्सचा व्यास कटरपेक्षा मोठा केला तर मधे खुंट उरतो. इन्सर्टच्या (बदलता येणाऱ्या धारेच्या तुकड्यांच्या) कटरला तळाच्या मध्यभागी धारच नसते, त्यामुळे त्याचा कमाल रॅम्प कोन कॅटलॉगमधूनच घ्यायचा. तो ओलांडला की इन्सर्टऐवजी कटरची बॉडी मटेरियलवर बसते.

कॉन्स्टंट झेडमध्ये (ठरावीक उंचीच्या पातळ्यांवर कापत खाली जाताना) प्रत्येक लेव्हल एकाच जागी सुरू होऊन तिथेच संपली, तर भिंतीवर वरून खाली उभी रेघ दिसते. शेवटाला १ मिमी ओव्हरलॅप द्या आणि सुरुवातीची जागा अशा बाजूला न्या जी असेंब्लीत झाकली जाते. कोपऱ्यात नेऊ नका, तिथे टूलवर भार आधीच वाढलेला असतो. आकार परवानगी देत असेल तर सलग स्पायरल सर्वांत उत्तम, कारण त्यात टूल एकदा उतरतं आणि एकदाच उठतं.

मोल्डच्या शट-ऑफ कडेला (जिथे मोल्डचे दोन भाग घट्ट भिडतात) वेगळी काळजी लागते. बॉल कडेवरून खाली लोळला की धार गोल होते आणि मोल्डिंगला तिथे फ्लॅश (बाहेर निसटलेल्या प्लास्टिकची पातळ कड) येतो. सरफेस स्पर्शरेषेत २ ते ३ मिमी बाहेर वाढवा आणि आर्क त्या वाढवलेल्या भागावर घ्या.

सगळे कंट्रोलर रॅपिडमध्ये (न कापता वेगाने जाताना) सरळ रेषेत जात नाहीत. पॅरामीटर तसा असेल तर प्रत्येक ॲक्सिस आपापल्या वेगाने धावतो, वाट वाकडी होते आणि सिम्युलेशनमध्ये मोकळ्या दिसलेल्या जागी टूल क्लॅम्पला लागतं. खालच्या लिंक मूव्ह्ज (दोन कटांच्या मधल्या हालचाली) मोठ्या फीडच्या जी०१ मध्ये (सरळ रेषेच्या कोडमध्ये) काढा. होल्डरसकट (टूल धरणाऱ्या भागासकट) सिम्युलेशन करा. मशीनवर पहिल्या उतरण्याला सिंगल ब्लॉक (एका वेळी प्रोग्रामची एकच ओळ) चालू आणि रॅपिड ओव्हरराइड (रॅपिडचा वेग) २५ टक्के ठेवा. उरलेलं अंतर स्क्रीनवर वाचून टूलच्या टोकाशी डोळ्यांनी ताडून बघा.

जॉब झाल्यावर तिरका प्रकाश टाकून सरफेस बघा. गोल खळगा दिसला तर टूल सरळ उतरलंय किंवा थांबलंय. कापण्याच्या दिशेला आडवी बारीक रेघ असेल तर फीड तिथे बदललाय. कडेजवळ चंद्रकोर दिसली तर आर्क शेजारच्या सरफेसला खातोय. अशा वेळी त्याची त्रिज्या कमी करा आणि गॉउज चेकमध्ये शेजारचा सरफेस निवडलेला आहे का ते तपासा.